कोणत्या कॉलेजात घालू, डॉक्टरसाहेब?

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात तापाच्या पेशंटांच्या रांगेत काही धडधाकट माणसेही बसलेली दिसतात. ताप नाही, खोकला नाही. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत नीटचे गुणपत्रक, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला. नंबर आला की आत येतात, दार लोटून घेतात आणि हळूच विचारतात, "साहेब, लेकराला कोणत्या कॉलेजात घालू?" वाचकहो, तीस वर्षे प्रॅक्टिस करूनही या प्रश्नाचे प्रिस्क्रिप्शन मला झटकन लिहिता येत नाही.

यंदा एकाच आठवड्यात हा प्रश्न दोनदा आला. एकदा अमेरिकेतून आणि एकदा लोह्याकडच्या एका खेड्यातून.

अमेरिकेचा प्रश्न घेऊन आले ते आमचे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, ब्लड प्रेशरचे जुने पेशंट. मुलगा तिकडे कॉम्प्युटरमध्ये, नात तिकडेच वाढलेली. तिला दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळत होता. गुरुजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि चिंतेने म्हणाले, "डॉक्टर, हे ऑस्टिओपॅथिक म्हणजे हाडांचंच ना? एवढा पैसा ओतून आमची पोरगी हाडवैद्य होणार का?"

मला हसू आले, पण शंका अगदीच चुकीची नव्हती. या शास्त्राची सुरुवात खरोखरच हाडांपासून झाली. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुले गेली. त्या काळच्या डॉक्टरी पोतडीत पारा, अफू, जुलाब असलीच औषधे असायची. स्टिलसाहेबांचा त्यांवरचा विश्वास उडाला. शरीराचा सांगाडा, स्नायू आणि रक्तप्रवाह ठीक ठेवला तर शरीर आपला रोग आपणच बरा करते, असे ते सांगू लागले आणि १८९२ साली त्यांनी मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी आपले कॉलेज काढले. पुढे विसाव्या शतकात या मंडळींनी आधुनिक वैद्यक पूर्णपणे स्वीकारले. आज अमेरिकेतला डी.ओ. पदवीचा डॉक्टर औषधे लिहितो, बाळंतपणे करतो, हृदयाच्या शस्त्रक्रियाही करतो. एम.डी. कॉलेजच्या मुलांपेक्षा त्याला हाताने सांधे व स्नायू हाताळण्याचे सुमारे दोनशे तास जास्तीचे शिकावे लागते, एवढाच फरक. २०२० पासून तर पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागाही दोघांना एकाच व्यवस्थेखाली आहेत. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांमागे साधारण एक आता या कॉलेजांत असतो. (इंग्लंडमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ म्हणजे आपल्या अर्थाने डॉक्टर नव्हे. तेव्हा नातेवाईक कोणत्या देशात आहेत ते आधी विचारावे.)

एक गंमत सांगतो. १९६२ साली कॅलिफोर्नियात दोन हजारांहून जास्त डी.ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर भरून नावापुढे एम.डी. ही अक्षरे लावू दिली गेली. आदल्या दिवशी जो डॉक्टर होता तोच दुसऱ्या दिवशी होता, पाटी तेवढी बदलली.

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. मग खरा प्रश्न निघाला. एक कॉलेज जुने, पण घरापासून विमानाच्या अंतरावर, लहानशा गावात. दुसरे नवेकोरे, चकचकीत, घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. आईचे म्हणणे जवळचे घ्यावे, घरचे खाऊन शिकेल. मी गुरुजींना म्हटले, नातीला एकच विचारा: तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पेशंट कुठे बघायला मिळणार? अमेरिकेतल्या या प्रकारच्या बऱ्याच कॉलेजांना स्वतःचे मोठे हॉस्पिटल नसते. पहिली दोन वर्षे वर्गात जातात आणि पुढची दोन वर्षे मुले करार केलेल्या हॉस्पिटलांत फिरतात. ती हॉस्पिटले कधी त्याच गावात, तर कधी शेकडो मैलांवर दुसऱ्या राज्यात असतात. शिवाय नव्या कॉलेजची पहिली तुकडीच अजून बाहेर पडलेली नसेल, तर त्यांची मुले पुढे कुठे लागतात हे सांगणार कोण?

गुरुजींनी ते वहीत लिहून घेतले, शाळा-तपासनीसासारखे. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आले. घराजवळच्या कॉलेजची हॉस्पिटले तीन वेगवेगळ्या राज्यांत होती. म्हणजे घरचे खाणे दोनच वर्षांचे. जुन्या कॉलेजची बहुतेक हॉस्पिटले त्याच गावाच्या आसपास होती आणि तिथून बाहेर पडलेली मुले कोठे कोठे लागली याची वर्षवार यादी त्यांनी मागताच पाठवली. कर्जाचाही हिशेब होता. २०२५ च्या कायद्याने तिकडे केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या अशा कर्जाला वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली आहे, ती १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना. त्यावरची रक्कम खासगी बँकेकडून उचलावी लागते. नात विचार करते आहे, असे गुरुजी म्हणाले. मी त्यांचे प्रेशर मोजले. वरचे १३८ निघाले, बऱ्याच महिन्यांनी.

दुसरा प्रश्न मात्र मला असा खुर्चीत बसून सोडवता आला नाही.

शनिवारी दुपारी एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांच्या घरातला मी तिसऱ्या पिढीचा डॉक्टर, म्हणजे आजीपासून औषध माझे. मुलीच्या आईला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू अजून साथ देत नाही. या मुलीने लातूरला एक वर्ष रिपीट केले होते. एम.बी.बी.एस. थोडक्यात हुकले. आयुर्वेदाच्या पहिल्या फेरीत तिला धाराशिवचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय मिळाले होते. नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय पसंतीत पहिले होते, कारण ते घराजवळ आणि तिथली सरकारी रसशाळाही प्रसिद्ध. पण तिथे तिचा नंबर लागला नाही.

"मग पेढे कुठं आहेत?" मी विचारले.

वडील काही बोलले नाहीत. पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या जिल्ह्यातले एक खासगी आयुर्वेद कॉलेज. गावापासून सव्वा तासावर. कोणी एक पाहुणा मध्यस्थ होता. तो म्हणे, संस्थेच्या कोट्यातून जागा करून देतो. पैसे लागतील, पण पोरगी घरीच राहील.

"घरी राहून कॉलेज कसं करणार?"

"रोज जायाची गरज नाही म्हणाले साहेब. परीक्षेला अन् तपासणीला तेवढं जायाचं. हजेरीचं तेच बघतात. पोरगी आईजवळ ऱ्हाईल, डिग्री बी मिळंल. दोन एकर वाटण्यातली काळी हाय, ती काढावं म्हन्तो."

वाचकहो, मला राग आला, पण या माणसावर येईना. घरात लकव्याची बायको, पोरगीच तिला उठवते-बसवते. चार-पाच तासांवरचे धाराशिव त्यांना अमेरिकेइतकेच दूर. आणि समोरचा सांगतो आहे की घर सोडायची गरजच नाही. मी मुलीकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती.

"बेटा, तुला काय वाटतं?"

"काका, आईला कोण बघणार?" एवढेच ती म्हणाली. यात नाही म्हणण्यासारखे मला काही सापडले नाही.

बी.ए.एम.एस. हा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. दीड-दीड वर्षाचे तीन टप्पे आणि शेवटी एक वर्षाची इंटर्नशिप. पंच्याहत्तर टक्के हजेरी नियमानेच लागते. जिथे "हजेरीचे आम्ही बघतो" असे सांगून गिऱ्हाईक ओढले जाते, तिथे काय शिकवत असतील याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. पण अंदाजावर कोणाच्या दोन एकरांचा निर्णय सांगू नये. मी त्यांना म्हटले, बुधवारी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवतो, आपण तिघे जाऊन ते कॉलेज बघून येऊ.

साडेदहाला पोचलो. ओ.पी.डी.ची ऐन वेळ. इमारत खरोखर सुंदर, दारात धन्वंतरीची मूर्ती, औषधी वनस्पतींच्या बागेत नव्या पाट्या. केसपेपरच्या खिडकीवरचे रजिस्टर मी सहज चाळले. अकरा वाजायच्या आत दीडशेच्या वर नावे चढलेली होती. बाकड्यांवर माणसे मोजली तर सात, त्यातले आम्ही तिघे. रजिस्टरमध्ये सगळे अक्षर एकाच हाताचे, एकाच शाईचे. आपल्या ग्रामीण रुग्णालयाचे रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे, दीडशे पेशंटांचे पान कसे दिसते ते: खाडाखोड, घामाचे डाग, मध्येच कोणाचा अंगठा.

२०१६ च्या नियमावलीत साठ विद्यार्थ्यांच्या कॉलेजला साठ खाटा आणि दिवसाला सरासरी एकशे वीस बाह्यरुग्ण, शंभर विद्यार्थ्यांना शंभर खाटा आणि दोनशे रुग्ण असा हिशेब होता. तो कागदावर जुळवणे अवघड नाही. म्हणून मी अशा ठिकाणी कागद बघत नाही, चादरी बघतो. माणूस झोपलेल्या खाटेची चादर मधोमध चुरगळते, उशीला तेल लागते, खाटेखाली चपला आणि डबा असतो. वरच्या वॉर्डात ओळीने खाटा होत्या, चादरी इस्त्रीच्या घडीसकट. प्रसूतिकक्षातल्या टेबलावर कारखान्यातून आलेले प्लॅस्टिकचे आवरण तसेच होते. मी तिथल्या माणसाला विचारले, स्वयंपाकघर कुठे आहे? तो म्हणाला, कशाला? मी म्हटले, ॲडमिट पेशंट जेवत असतील ना! त्याने आम्हाला बागेकडे नेले.

एक तरुण शिक्षिका मात्र मनापासून शिकवताना दिसली. समोर चार मुले. तिच्याविषयी वाईट वाटले.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. लोह्याजवळ चहाला थांबलो तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, खाट मोकळी असली तर चांगलंच ना, लोकं बिमार नाहीत?" मग स्वतःच हसले.

त्या संध्याकाळी मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. १९८८ साली माझी बारावी झाली. तेव्हा नीट नव्हती, सी.ई.टी. नव्हती, बारावीच्या मार्कांवर प्रवेश. त्याच वर्षी नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे आज डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने विष्णुपुरीला आहे. वडिलांना आनंद झाला. कंधारहून नांदेड पन्नास किलोमीटर, पोरगा रविवारी जेवायला घरी. दुसरा पर्याय अंबाजोगाईचा. तिथले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा एक तपाहून जुने होते. अहमदपूरला गाडी बदलून जावे लागे. आमच्या ओळखीच्या एका जुन्या डॉक्टरांनी वडिलांना एवढेच सांगितले, "नांदेडचं उद्या चांगलं होईलच. पण पोराला आज भरलेला वॉर्ड पाहिजे." मी अंबाजोगाईला गेलो. नांदेडचे पुढे चांगले झालेच, आमच्या तालुक्यात त्याचे उत्तम डॉक्टर आहेत. पण मला अजून आठवते, इंटर्नशिपमध्ये रात्री खाटा संपायच्या आणि बाळंतिणी खाली गाद्यांवर. मी जे काही शिकलो ते त्या गाद्यांच्या मधून वाट काढताना शिकलो.

आता एम.बी.बी.एस. डॉक्टरने आयुर्वेदाच्या कॉलेजविषयी का बोलावे, असे कोणी म्हणेल. आमच्या मंडळींत बी.ए.एम.एस.ला हसण्याची एक खोड आहे, मलाही तरुणपणी होती. मग रात्रीचे पेशंट बघता बघता ती गेली. मन्याडच्या काठच्या वाड्या-तांड्यांवर मध्यरात्री दार उघडतो तो डॉक्टर बहुधा बी.ए.एम.एस.च असतो. २०१४ पासून १०८ ची गाडी धावते, तीत बसलेला डॉक्टरही बहुतेक वेळा तोच. शाळेतल्या मुलांना तपासणारी पथके, उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, इथेही तीच मुले. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्य-शालाक्यवाल्यांना अठ्ठावन्न शस्त्रक्रियांची मुभा देणाऱ्या २०२० च्या अधिसूचनेवरून आमच्या संघटनेने संपही केला. त्या वादात माझे मत वेगळे आहे आणि ते इथे लिहायची जागा नाही. पण ज्याने कधी भरलेला वॉर्ड पाहिला नाही अशा माणसाच्या हातात साप चावलेले लेकरू जाऊ नये, एवढ्यावर दोन्हीकडचे शहाणे लोक एकत्र येतील. चांगल्या ठिकाणी शिकलेला बी.ए.एम.एस. डॉक्टर मला रात्री दोनला फोन करतो आणि म्हणतो, "सर, हा पेशंट माझ्या हातातला नाही, पाठवतो आहे." असा फोन आला की मी निम्मा निर्धास्त होतो. रिकाम्या कॉलेजातून आलेला फोन करत नाही. त्याला कळतच नाही कधी करायचा ते.

धाराशिवला शिकलेला असाच एक डॉक्टर आमच्या तालुक्यात आहे. त्याला मी मुलीशी बोलायला लावले. त्याने तिला मूळव्याध-भगंदराच्या क्षारसूत्राविषयी सांगितले, पहिल्यांदा बाळंतपण पाहिले तेव्हा आपल्याला भोवळ कशी आली तेही सांगितले, आणि पंचकर्मातल्या तेलाच्या वासाला सवय व्हायला महिना लागतो असेही. पोरगी पहिल्यांदा मोकळे हसली.

पैशाचे गणित वेगळे बसून केले. सरकारी कॉलेजची फी हजारांत, खासगीची लाखांत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुष्कळ पालकांना दुसरी गोष्ट माहीत नसते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे, खासगी कॉलेजांतसुद्धा. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. म्हणजे तो पाहुणा या गृहस्थांना दोन एकर विकून जे घ्यायला लावत होता, त्याची फी नियमाने घेतली तर या पोरीला भरावीच लागली नसती! मी हे दोनदा सांगितले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले. वसतिगृह, खाणावळ, डिपॉझिट मात्र या माफीत येत नाही, ते धरूनच हिशेब करावा. अर्ज महाडीबीटीवर करायचा, आणि कागद दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवायचे नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यापायी दरवर्षी कोणीतरी रडत येते. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरावा लागतो. तो न भरता पुढच्या फेरीत नवी पसंती टाकली आणि ती जागा लागली, की हातातली जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती. गुरुवारी रात्रीपर्यंत घरात निर्णय झाला नव्हता.

निर्णय शेवटी आईने केला. तिची वाचा अजून नीट आलेली नाही, शब्द तोंडात अडकतात. शुक्रवारी सकाळी मी प्रेशर तपासायला म्हणून गेलो तर ती खाटेवर उठून बसली होती. डाव्या हाताने पोरीच्या दंडाला धरून दाराकडे ढकलत होती आणि "जा, जा" एवढेच म्हणत होती. धाकट्या जावेने सकाळचे करायचे कबूल केले. मी व्यायाम शिकवायला आठवड्यातून एकदा मुलगा पाठवायचे कबूल केले. दुपारी कंधारच्या नेट कॅफेतून फॉर्म भरला गेला. मला फोटो आला.

त्या मध्यस्थ पाहुण्याने आता बोलणे सोडले आहे, असे ऐकतो.

मागच्या रविवारी मुलीचा फोन आला. अभ्यासाला मानवी हाडांचा संच लागतो, सीनियरकडचे सगळे गेले, कुठे मिळेल? माझा १९८८ चा संच माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होता. उतरवून पाहिला. डाव्या हाताच्या मनगटातले एक हाडूक हरवलेले आहे, पण बाकी सगळे ठीक. तिचे वडील सोमवारी येऊन पेटी घेऊन गेले. एस.टी.त कंडक्टरने विचारले म्हणे, "मामा, पेटीत काय हाय?" यांनी खरे सांगितले. मग लातूरपर्यंत शेजारच्या सीटवर कोणी बसले नाही.